राईनच्या जलदेवता व्हायोलमध्ये नेमक्या कुठे आहेत?

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. योहानेस शेंक या संगीतकाराचा ‘ले निंफे दि रेनो’, म्हणजे ‘राईनच्या जलदेवता’, हा दोन व्हायोलसाठी, म्हणजे मांड्यांमध्ये धरून गजानं वाजवायच्या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी, लिहिलेला संग्रह ऐकला. नाव वाचून पाण्याची खळखळ, काहीतरी गूढ, धुक्यातलं ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. आत मात्र आलमांद, कुरांत, सारबांद, झीग अशी नाचांची नावं आणि जोडीला अडाज्यो, अलेग्रो अशा संथ-जलद वेगाच्या खुणा. मग जलदेवता आहेत कुठे? की नाव नुसतं शोभेला दिलंय? आणि हे संगीत चेलोवर वाजवता येईल का?

मी व्हायोला दा गांबा, म्हणजेच व्हायोल, वाजवते आणि शिकवते. शेंकचा हा संग्रह माझ्या घरी कपाटात कधी जात नाही, स्टँडवरच असतो. त्यामुळे उत्तर लांबेल, पण प्रश्न तसाच आहे.

आधी सरळ उत्तर देते. जलदेवता आहेत. पण पाण्याच्या आवाजाची नक्कल शोधत गेलात तर त्या सापडणार नाहीत. सतराव्या-अठराव्या शतकातल्या श्रोत्याला देवता ओळखू यायची ती तिच्या चालण्यावरून. ती नाच कोणता करते, पाऊल कुठे जड पडतं, कुठे हलकं, यावरून. त्यानं या देवता रंगमंचावर नाचताना पाहिलेल्या होत्या. आपण पाहिलेल्या नाहीत, म्हणून आपल्याला ‘सारबांद’ हे कोरडं शीर्षक वाटतं. शेंकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती म्हणजे दोन अगदी सारखी वाद्यं एकमेकांत मिसळतात तेव्हा काय होतं ती. तिच्याकडे पुढे येते.

शेंकचा जन्म १६६० चा, अॅमस्टरडॅमचा. तरुणपणीच त्यानं ‘बाकुस, सेरेस आणि व्हीनस’ या डच संगीतनाटकाला संगीत दिलं, १६८६ मध्ये. म्हणजे मद्याचा देव, धान्याची देवी आणि प्रेमाची देवी यांना गाण्यात कसं उभं करायचं, हे त्याला व्हायोलच्या या संग्रहाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. १६९६ च्या सुमारास तो ड्युसेलडॉर्फला गेला, पॅलेटिनेट या जर्मन संस्थानाचा इलेक्टर योहान विल्हेल्म याच्या दरबारी. इलेक्टर म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या मोजक्या सत्ताधीशांपैकी एक. हा माणूस संगीताचा खरा चाहता होता. कोरेली या इटालियन संगीतकारानं आपले १२ कोंचेर्ती ग्रोस्सी, म्हणजे वाद्यवृंदाच्या रचना, जे १७१४ मध्ये छापले गेले, ते यालाच अर्पण केले. शेंकचा आठवा ओपस, म्हणजे क्रमांक दिलेला आठवा संग्रह, १२ सोनाटांचा ‘राईनच्या जलदेवता’, १७०२ च्या सुमारास अॅमस्टरडॅममध्ये छापला गेला आणि तोही याच इलेक्टरला वाहिलेला आहे.

ड्युसेलडॉर्फ राईनच्या काठावर आहे. त्या काळी राजाचं कौतुक करायचं तर त्याची नदीच रंगमंचावर येऊन त्याचं गुणगान करायची, ही सर्वमान्य रीत होती. नदी म्हणजे दाढीवाला देव, त्याच्याभोवती जलदेवतांचा मेळा. तेव्हा शीर्षकाचा एक अर्थ साधा आहे: महाराज, तुमच्या नदीच्या कन्या तुमच्यापुढे नाचायला आल्या आहेत. शेंकचा पुढचा संग्रह ‘डॅन्यूबचा प्रतिध्वनी’ या नावाचा आहे, तिथेही नदीच. यावरून काही अभ्यासक म्हणतात की शीर्षक केवळ दरबारी नजराणा आहे, संगीताशी त्याचा संबंध नाही. मला हे पटत नाही. नजराणा आहेच, पण तो देणारा माणूस नाटकात मुरलेला होता, आणि ज्याला दिला त्याच्या कानालाही नाचाची भाषा पाठ होती.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. जलदेवता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे साती आसरा येतात. डोहावरच्या, विहिरीवरच्या. त्यांचा धाक असतो, त्यांची ओटी भरायची असते, तिन्हीसांजेला पाण्याकडे जायचं नसतं. युरोपच्या दरबारातली नायाड, म्हणजे गोड्या पाण्याची देवता, या जातीची नव्हे. तिला कुणी पूजत नव्हतं, कुणी भीत नव्हतं. ती ओव्हिड या रोमन कवीच्या ‘मेटामॉर्फसिस’मधून आलेली. लॅटिन शिकताना मुलांना ती भेटायची, मग बागेत भेटायची. व्हर्सायला फ्रांस्वा जिरार्दों या शिल्पकारानं १६६८ ते १६७० मध्ये घडवलेलं स्नान करणाऱ्या अप्सरांचं शिशाचं मोठं शिल्प आजही आहे, त्यावरून पाणी पडतं. आणि शेवटी ती रंगमंचावर भेटायची, रेशमी वस्त्रांत, नाचताना. तिच्यात भीतीपेक्षा डौल जास्त. राजाच्या बागेतलं पाणी जसं नळातून ठरल्या वेळी उडतं, तशी ही निसर्गदेवताही मर्यादेत वागणारी असते. तेव्हा शेंकच्या संगीतात गूढ, अंगावर काटा आणणारं काही ऐकू आलं नाही, तर तुमचा कान बरोबर आहे.

आता नाचाच्या भाषेची किल्ली. ती शेंककडे नाही, टेलेमान या जर्मन संगीतकाराकडे आहे. हँबर्गच्या नौदल-प्रशासनाला १०० वर्षं झाली म्हणून १७२३ च्या एप्रिलमध्ये टेलेमाननं एक वाद्यवृंदाची रचना सादर केली. ‘हँबर्गची भरती-ओहोटी’ या नावानं ती ओळखली जाते. त्यात व्हायोल नाहीत, बासऱ्या, ओबो आणि व्हायोलिनचा ताफा आहे. पण टेलेमाननं आपल्यावर मोठा उपकार केलाय: प्रत्येक नाचासमोर देवतेचं नाव लिहून ठेवलंय. झोपलेली सागरदेवी थेटिस, ती सारबांद. जागी होणारी थेटिस, ती बूरे. प्रेमात पडलेला समुद्राचा राजा नेपच्यून, तो लूर. खेळणाऱ्या नायाड, त्या गाव्होत. थट्टा करणारा सागरदेव ट्रायटन, त्याला विदूषकी नाच. खवळलेला वायुदेव एओलस, त्याचं वादळ. सुखद पश्चिमवारा झेफिर, तो मिनुएट. भरती-ओहोटी, ती झीग. आणि शेवटी खलाशी, त्यांना कानारी.

ही यादी नुसती वाचू नका, तिच्यामागचं कारण बघा. सारबांद हा संथ तीन मात्रांचा नाच, आणि वजन दुसऱ्या मात्रेवर रेंगाळतं. पहिल्या मात्रेवर पाऊल टाकलं, दुसरीवर शरीर थबकलं, तिसरी जवळजवळ रिकामी. झोपेतला श्वास असाच असतो. बूरे पहिल्या मात्रेच्या आधीच एका छोट्या सुरानं उसळी घेतो, म्हणून तो जागं होणं. गाव्होतचं वाक्य मात्रागटाच्या मध्यातच सुरू होतं, दोन पावलं आधी टाकून मग वजन येतं. त्यामुळे तो सतत कुणाच्या तरी मागे पळून थांबल्यासारखा वाटतो. पाठशिवणीच्या खेळाला याहून नेमका नाच नाही. लूर जड, लांब-आखूड सुरांचा, सावकाश झुलणारा. वयस्क देव प्रेमात पडल्यावर कसा चालेल, तसा. झीगमध्ये तिना-तिनांचे सूर अखंड वर चढतात, खाली उतरतात. पाण्याचा आवाज इथे कुणीच काढत नाही. पाण्यातल्या व्यक्ती हलतात, आणि त्यांच्या हलण्यातून पाणी कळतं.

टेलेमाननं हा संकेत निर्माण केला नाही, फक्त कागदावर लिहिला. प्रेक्षकांना तो आधीपासून पाठ होता. म्हणून शेंकच्या संग्रहात ‘सारबांद’ येते तेव्हा तिच्या शेजारी कुणाचंही नाव नसलं तरी त्या काळच्या श्रोत्यापुढे पात्र उभं राहायचं. संग्रहाच्या मुखपृष्ठावर राईनच्या कन्या आहेत एवढं सांगितलं, की आतली सारबांद त्यांच्यातल्या एखादीची विश्रांती होते आणि झीग म्हणजे सगळ्या मिळून पाण्यात उतरणं.

आता वाद्य. व्हायोलमध्ये असं काय आहे की हे काम त्याला विशेष शोभतं?

व्हायोल मांड्यांमध्ये धरतात, त्याला चेलोसारखा खालचा दांडा नसतो. सहा तारा, त्या आतड्याच्या तातीच्या. जाड तारांवर चांदीची किंवा तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असू शकते. मोठ्या व्हायोलच्या तारा खालून वर रे, सोल, दो, मी, ला, रे अशा लावतात. म्हणजे चौथ्या सुरांची अंतरं आणि मधोमध एक तिसऱ्याचं. फ्रान्समध्ये खाली एक सातवी तार जोडली गेली. मानेवर सात पडदे असतात, तेही तातीचेच, गाठ मारून बांधलेले. हे पडदे महत्त्वाचे आहेत. बोट पडद्यामागे टेकतं, त्यामुळे दाबलेला सूरही मोकळ्या तारेसारखा वाजतो आणि गज उचलल्यावर हवेत थोडा वेळ राहतो. व्हायोलिनवर बोटाचं मऊ मांस तारेला धरून ठेवतं, तो सूर लवकर विझतो. व्हायोलवर एकामागून एक सूर विझत नाहीत, एकमेकांवर साचतात. मारँ मारे हा फ्रेंच व्हायोलवादक आणि संगीतकार आपल्या स्वरलेखनात बोटं खालीच ठेवण्यासाठी खास आडव्या रेघा काढायचा. सूर गेला तरी बोट उचलू नको, त्याची छाया पुढच्या सुरावर पडू दे, असा त्या रेघेचा अर्थ.

गज खालून, तळवा वर करून धरतात, आणि मधलं बोट थेट गजाच्या केसांवर असतं. केसांचा ताण वाजवता वाजवता बोटानं कमी-जास्त करता येतो. त्यामुळे सूर शून्यातून उगवून फुगतो आणि पुन्हा विरतो. मारेनं १७११ च्या तिसऱ्या संग्रहात या फुगवण्यासाठी चक्क एक खूण वापरली, रोमन लिपीतलं छोटं ‘ए’ अक्षर. या फुगण्यातच व्हायोलचा श्वास आहे. देवता अवतरते ती याच क्षणी, सूर सुरू होताना नव्हे, तर सूर सुरू होऊन गेल्यावर त्यात जीव येताना.

आणि आता दोन व्हायोल. शेंकच्या संग्रहाच्या शीर्षकात स्पष्ट लिहिलंय की ही रचना फक्त दोन व्हायोलांची आहे. हार्पसिकॉर्ड नाही, ऑर्गन नाही, खालून धरून ठेवणारं कुणीही नाही. दोघंही सारख्या योग्यतेचे. थोडा वेळ एक गातं, दुसरं खाली आधार देतं. मग कुठलीही सूचना न देता भूमिका बदलतात. दोन्ही मोठे व्हायोल, दोघांचा पल्ला एकच. त्यामुळे मध्यसप्तकात आवाज एकमेकांना छेदून जातात तेव्हा समोर बसलेल्याला कळेनासं होतं की हा सूर कुणाचा होता. हेच जलदेवतांचं खरं स्वरूप आहे असं मला वाटतं. ओव्हिडच्या कथांमध्ये त्या पुष्कळदा एकट्या नसतात. त्या घोळक्यानं येतात, एकीचा हात दुसरीच्या हातात असतो.

एक अगदी जवळून पाहण्यासारखी गोष्ट सांगते. दोन व्हायोल एखादा लांब सूर तिसऱ्याच्या अंतरानं धरतात, समजा एकाचा दो आणि दुसऱ्याचा मी. पडदे त्या काळच्या पद्धतीनं, म्हणजे तिसऱ्याचं अंतर शुद्ध राहील असे सरकवलेले असले, तर दोन्ही सुरांमधली थरथर थांबते आणि आवाज एकदम शांत होतो. त्या शांततेत कधी कधी खाली एक तिसराच सूर ऐकू येतो, जो कुणीच वाजवत नाही. कारण भौतिक आहे. शुद्ध मोठ्या तिसऱ्यात कंपनांचं प्रमाण ४ ला ५ असतं, त्यांच्या फरकाचा १ हा सूर खालच्या सुराच्या दोन सप्तकं खाली येतो. तार्तीनी या व्हायोलिनवादकानं १७५४ च्या आपल्या ग्रंथात याला ‘तिसरा सूर’ म्हणून नोंदवून ठेवलंय. लहान, दगडी भिंतीच्या खोलीत, दोघांचेही गज स्थिर असतील तर हा ऐकू येतो. विद्यार्थ्यांना मी आधी सांगत नाही. तो ऐकू आला की ते आपणहून थांबतात आणि एकमेकांकडे बघतात. दुसऱ्या कुठल्याही स्पष्टीकरणापेक्षा हा अनुभव शेंकचं शीर्षक जास्त उलगडतो.

व्हायोल आणि निसर्गदेवता यांचं नातं शेंकपुरतं नाही. शेंकला नीट ऐकायचं तर आजूबाजूच्या दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात.

इंग्लंडमध्ये १ जानेवारी १६११ च्या रात्री व्हाइटहॉल राजवाड्यात ‘ओबेरॉन, परीराजा’ हा मास्क झाला. मास्क म्हणजे दरबारी लोकांनी स्वतः भाग घेऊन केलेला संगीत, नृत्य आणि नेपथ्याचा सोहळा. काव्य बेन जॉन्सनचं, नेपथ्य इनिगो जोन्सचं, ओबेरॉन झाला होता युवराज हेन्री. सुरुवातीला अंधारा खडक, वर चंद्र, आणि सॅटर, म्हणजे बकऱ्याच्या पायांचे वनातले अर्धदेव. कोंबडा आरवेपर्यंत ते हावभावांनी भरलेला, वेगवान नाच करतात. मग खडक उघडतो, परीराजा येतो, आणि संगीत सरळ, मापात चालायला लागतं. सॅटरांच्या नाचाची चाल रॉबर्ट जॉन्सनची मानतात. ती ज्या हस्तलिखितात आहे तिथे फक्त वरचा आणि खालचा असे दोनच भाग आहेत, मधले आपण भरून घ्यायचे. १६१७ मध्ये विल्यम ब्रेड या इंग्रज वादकानं हँबर्गमध्ये पाच भागांचा नाचांचा संग्रह छापला, त्यातही सॅटरांचा नाच आहे, चेटकिणींचाही. अशा नाचांमध्ये लय मध्येच मोडते, दोनाच्या मात्रा तिनाच्या होतात, वाक्य अपेक्षेआधी तुटतं. सॅटर ओळखायची खूण तीच: पुढचं पाऊल कुठे पडेल याचा अंदाज येत नाही. जलदेवतेच्या बरोबर उलट. व्हायोलांच्या मेळात हे वाजवताना पाचही जणांनी एकाच वेळी बेशिस्त दिसायचं असतं, आणि त्यासाठी लागणारी शिस्त फार कडक असते.

फ्रान्समधलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण शार्पांत्ये या संगीतकाराचं, ‘ऑर्फेचं पाताळात उतरणं’, १६८६-८७ चं. मादमोआझेल द गीझ या धनाढ्य सरदारीणबाईंच्या पदरी तो होता, त्यांच्या खासगी संगीतमंडळासाठी ते लिहिलं. दोनच अंक हाती आहेत. पहिल्या अंकात दाफ्ने, एनोन, आरेथ्यूझ या वनकन्या कुरणात खेळत असतात, तिथेच ऑर्फे या गायकाच्या प्रियेला, युरिडीसला, साप चावतो. दुसऱ्या अंकात तिला परत आणायला ऑर्फे पाताळात पोहोचतो, आणि तिथे व्हायोल येतात. दोन मोठे व्हायोल, हळू, एकमेकांना बिलगून. ऑर्फेच्या हातातली लायर म्हणजे हे दोन व्हायोल. त्यांच्या सुरांनी तिथे शिक्षा भोगणाऱ्या टँटॅलस, इक्सिऑन, टिटिअस यांच्या यातना थांबतात, पाताळाची राणी प्रॉसर्पिनाला दया येते, शेवटी पाताळाचा राजा प्लूटोही मऊ होतो. खरी कमाल शेवटी आहे. ऑर्फे निघतो, आणि मागे राहिलेली पिशाचं त्याला जाऊ देऊ नये म्हणून विनवतात. मग ती नाचतात, आणि शार्पांत्येनं त्यांना दिलेला नाच आहे एक हलकी सारबांद. शिक्षा भोगणारे आत्मे, आणि त्यांना झोपेच्या, विसाव्याच्या नाचाची चाल. टेलेमानच्या झोपलेल्या थेटिसची जी लय, तीच. यानंतर सारबांदला कोरडं शीर्षक म्हणणं मला जमत नाही.

मारँ मारेचं नाव व्हायोलच्या बाबतीत सर्वांत मोठं, पण त्याच्या व्हायोलच्या शेकडो तुकड्यांमध्ये देवतांची नावं कमी आहेत. त्या त्याच्या ऑपेरांत आहेत. १७०६ च्या ‘आल्सिओन’मध्ये वायुदेवाची मुलगी आल्सिओन मंदिरात झोपते आणि स्वप्नात तिला होणाऱ्या नवऱ्याचं जहाज बुडताना दिसतं. ते वादळ पॅरिसभर गाजलं. तितों द्यु तिये या समकालीन लेखकानं नोंदवलंय की मारेनं खालच्या वाद्यांच्या जोडीला सैल चामड्याचे ढोल सतत घुमवले, त्यामुळे समुद्राचा खोल, भयाण आवाज उमटला. म्हणजे नक्कल करायचीच तर मारेला ती उत्तम जमत होती. ११ वर्षांनी, १७१७ च्या चौथ्या संग्रहात त्यानं एका व्हायोलसाठी ‘ल तुर्बियों’, म्हणजे वावटळ, लिहिली. तिथे ढोल नाहीत, खाली साधी साथ, आणि वर एक गज व सुरांची धाव. वादक ती शक्य तितकी वेगात वाजवतात. माझ्या मते वावटळ वेगात नसते, ती तारा बदलताना गज जो गोल फिरतो त्यात असते. मनगट सैल ठेवून थोडी संथ वाजवा, ती जास्त फिरते.

कुपरँ या फ्रेंच संगीतकारानं हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेले ‘ले सिल्व्हँ’, वनातले पुरुषदेव, हेही ऐका. १७१३ च्या पहिल्या संग्रहात आहेत. वर सूचना लिहिली आहे: भारदस्त, पण संथ नको. सूर जवळजवळ सगळे खालच्या आणि मधल्या पट्टीतले. जंगल म्हणजे पाखरांची किलबिल असं त्याला वाटलं नाही, त्याला झाडांचे बुंधे दिसले. रोबेर द व्हिझेनं त्याच काळात हे थिऑर्बोवर, म्हणजे लांब मानेच्या, बोटांनी छेडायच्या तंतुवाद्यावर, उतरवलं, आणि थिऑर्बोच्या जाड तारांवर ते मूळ वाद्याहूनही शोभतं. १७३० मध्ये कुपरँनंच ‘बकऱ्याच्या पायांचे सॅटर’ लिहिले, ते आधी गंभीर, ठाशीव, आणि मग एकदम धांदरट. इंग्लंडमधले सॅटर आठवा, जात तीच.

आता वाजवण्याबद्दल, कारण प्रश्न विचारणारे स्वतः चेलो वाजवतात.

दोन चेलोंवर शेंक वाजवता येतो, पण काही गोष्टी सोडून द्याव्या लागतील. चेलोच्या चार तारा पाचव्या सुरांच्या अंतरानं लावलेल्या असतात, म्हणून व्हायोलवर जे चार-पाच सुरांचे झंकार हाताखाली सहज येतात ते चेलोवर बहुतेकदा बसतच नाहीत. अशा ठिकाणी सगळे सूर कोंबायचा हट्ट करू नका. खालचा आणि वरचा ठेवा, मधला एखादा मिळाला तर घ्या, आणि दोघांनी झंकार वाटून घ्या. वरच्या पट्टीत अंगठा तारेवर आणावा लागेल, तिथे सूर दाबून मोठा करायचा मोह आवरा. गजाची दिशा उलट आहे हे लक्षात घ्या. व्हायोलवर जोराची चाल गज ढकलताना असते, चेलोवर ओढताना. जुन्या छापील प्रतीतल्या गजाच्या खुणा तशाच पाळल्या तर नाचाचं वजन चुकीच्या मात्रेवर पडेल. त्या उलट्या करून घ्या. शक्य असेल तर निदान वरच्या दोन तारा तातीच्या लावा, आणि बोट हलवून आणायची सुराची थरथर (व्हिब्रातो) जवळजवळ बंद ठेवा. मारेच्या पिढीतले फ्रेंच व्हायोलवादक थरथर दागिन्यासारखी, निवडक सुरांवरच घालायचे, आणि दोन बोटांची वेगळी, एका बोटाची वेगळी अशा तिच्या खुणा लिहायचे. सतत थरथरणाऱ्या सुरात तो शांत तिसरा सूर कधीच येत नाही.

सरावाची सुरुवात वाद्यावर नको. दोघांनी उभं राहून सारबांद चालून बघा, दुसऱ्या मात्रेवर थांबा. मग झीग चाला. गुडघ्यांना जे कळतं ते मग गजाला सांगायला फार वेळ लागत नाही. कुठला भाग गातोय आणि कुठला आधार देतोय, हे पेन्सिलीनं दोघांच्या प्रतींवर लिहा, कारण शेंक ते लिहीत नाही. आधार देणारा भाग आपण समजतो त्याहून जास्त नाचरा असतो. खालचा व्हायोल मागे पडला की जलदेवता लगेच दगडाच्या होतात. प्रत्येक भागाच्या लिहिलेल्या पुनरावृत्ती पाळा. पुन्हा वाजवताना सुरांवरचे दागिने, म्हणजे अलंकार, बदला, वेग नको.

ऐकण्यासाठी, मॉन्ट्रियालच्या ‘ले व्ह्वा ह्युमेन’ या दोन व्हायोलवादिकांच्या जोडीनं शेंकच्या या संग्रहाचं केलेलं ध्वनिमुद्रण घ्या. दोघी वर्षानुवर्षं एकत्र वाजवत आल्या आहेत आणि आवाज कुणाचा हे खरंच कळत नाही. त्याआधी टेलेमानची भरती-ओहोटी ऐका, हातात वरची यादी धरून. शार्पांत्येच्या ऑर्फेचं विल्यम क्रिस्टी आणि ‘लेझ आर फ्लोरिसाँ’ यांचं मुद्रण सहज मिळतं, ‘आल्सिओन’मधल्या वाद्यरचना जोर्दी सावाल यांनी ध्वनिमुद्रित केल्या आहेत. हे सगळं हेडफोनवर ऐकण्यापेक्षा खोलीत स्पीकरवर, आवाज कमी ठेवून ऐका. व्हायोल हे खोलीचं वाद्य आहे, कानात खुपसलं की गजाचा खरखराट पुढे येतो आणि साचलेले सूर मागे जातात.

आणि शेंकचा संग्रह पहिल्यांदा पूर्ण ऐकू नका. एकच सोनाटा घ्या, तिच्यातली फक्त सारबांद आणि झीग, दोन-तीनदा.